युद्ध, साम्राज्य आणि जागतिक न्याय : हा 'डावा' पेपर घ्यावा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात 'युद्ध, साम्राज्य आणि जागतिक न्याय : डावे दृष्टिकोन' नावाचा एक ऐच्छिक पेपर आहे. तुमचे मित्र म्हणतात, तिथे सत्रभर अमेरिकेला शिव्या घालतात आणि त्याच शिव्या उत्तरपत्रिकेत उतरवल्या की गुण पडतात. तुम्ही स्वतःला डावे मानत नाही. पेपर घ्यावा का, आणि घेतलाच तर हाती काय लागेल?

मी हा विषय बावीस वर्षं शिकवते आहे आणि माझा कल डावीकडे आहे, हे आधीच सांगून टाकते. तुमच्या मित्रांचं सगळंच खोटं नाही. असे वर्ग असतात. मी विद्यार्थिनी असताना अशाच एका वर्गात बसले होते. सरांनी पहिल्या तासाला खलनायक कोण ते सांगितलं आणि उरलेलं सत्र त्याचे गुन्हे मोजण्यात गेलं. मला गुण भरघोस मिळाले, शिकले मात्र फार थोडं. कारण या विषयातली सगळ्यात शिकण्यासारखी गोष्टच त्या वर्गात झाकलेली राहिली. युद्ध आणि साम्राज्य या प्रश्नांवर डावे उजव्यांशी जितके भांडले, त्याहून कडाक्याने ते एकमेकांशी भांडले आहेत. म्हणून पेपर निवडण्याआधी अभ्यासक्रमाचा कागद मागून घ्या आणि त्यात हे भांडण दिसतं का ते बघा. दिसत नसेल तर खुशाल दुसरा पेपर घ्या.

एक उदाहरण देते, त्यातलं अर्धं तुम्हाला शाळेपासून ठाऊक आहे. ऑगस्ट १९०७ मध्ये मादाम कामांनी जर्मनीतल्या स्टुटगार्टला भारताचा झेंडा फडकवला. ते अधिवेशन कसलं होतं, हे मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकतात. ते जगभरच्या समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन होतं. आणि त्याच अधिवेशनात वसाहतींवर जो ठराव आला, त्याच्या मसुद्यात म्हटलं होतं की आम्ही प्रत्येक वसाहतवादी धोरण तत्त्वतः आणि कायमचं नाकारत नाही, समाजवादी राजवटीत असं धोरण लोकांना सुधारणारंही ठरू शकेल. म्हणजे एकीकडे गुलाम देशाची बाई झेंडा घेऊन उभी, आणि दुसरीकडे कामगारांचे पुढारी विचार करताहेत की गुलामी सरसकट वाईटच म्हणावी का! मसुदा मांडणारा डच समाजवादी व्हॅन कोल तर भर सभेत अशा अर्थाचं बोलला की नुसती यंत्रं घेऊन आफ्रिकेत गेलो तर तिथले लोक आपल्यालाच खातील, शस्त्रं घेऊनच जावं लागेल. जर्मन समाजवाद्यांपैकी एडुआर्ड बर्नस्टाइन त्याच्या बाजूने होता, कार्ल काउट्स्की विरोधात. शेवटी तो भाग १२७ विरुद्ध १०८ मतांनी पडला, १० मतं तटस्थ राहिली. दहा मतं फिरली असती तर निकाल उलटा लागला असता. शिवाय मतं देशागणिक बघा. जर्मन प्रतिनिधींचा मोठा गट मसुद्याच्या बाजूने होता, आणि तो पाडण्यात ज्यांच्या देशांना वसाहती नव्हत्या अशा छोट्या देशांच्या मतांचा मोठा हात होता. वसाहतीतून आपल्या देशात काही येत असेल तर आपल्या कामगाराचं मतही त्याने हलतं, हा धडा या एका मतदानातून जितका कळतो तितका दहा व्याख्यानांतून कळत नाही.

हे भांडण आलं कुठून? थेट मार्क्सपासून. १८५३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रासाठी त्याने भारतावर लेख लिहिले. इंग्रज अत्यंत हीन हेतूने वागताहेत, पण नकळत इतिहासाचं हत्यार बनून ते जुना समाज मोडताहेत आणि पुढच्या क्रांतीची वाट मोकळी करताहेत, असा त्याचा सूर होता. दादाभाई नौरोजी डावे नव्हते, ब्रिटिश पार्लमेंटात ते १८९२ मध्ये लिबरल पक्षाकडून निवडून गेले. पण त्यांनी विचारलेला प्रश्न पुढे डाव्यांच्या फार कामी आला. इंग्रज राज्य चांगलं की वाईट हा वाद बाजूला ठेवा, दरसाल इथून किती पैसा जातो आणि बदल्यात काय येतं, एवढं मोजा. १९०४ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या समाजवादी अधिवेशनात हेच दादाभाई बोलायला उभे होते. आणि मार्क्सही १८५३ वर थांबला नव्हता. १८८१ मधल्या एका पत्रात त्याने भारतातून इंग्लंडला जाणाऱ्या संपत्तीचं वर्णन रक्त शोषून घेण्याच्या भाषेत केलं. विद्यार्थ्यांना मी दोन्ही मजकूर तारखा झाकून वाचायला देते. हे एकाच माणसाचे आहेत यावर निम्म्या वर्गाचा विश्वास बसत नाही.

जाता जाता शब्दांबद्दल. पाठ्यपुस्तकं 'साम्राज्यवाद' म्हणतात, मराठीतली डावी चळवळ 'साम्राज्यशाही' म्हणत आली. मला दुसरा शब्द जास्त पटतो. 'वाद' म्हटलं की ते कुणाच्या तरी डोक्यातलं मत वाटतं, 'शाही' म्हटलं की ती एक चालू व्यवस्था आहे हे लक्षात येतं. डाव्यांचा मूळ दावा व्यवस्थेबद्दलचाच आहे. राज्यकर्ते सज्जन असले तरी ही व्यवस्था चालूच राहते, असं त्यांचं म्हणणं.

आता सिद्धांतांकडे वळू. इथे फार रेंगाळत नाही, पण चार नावं पक्की हवीत. जे. ए. हॉब्सन हा इंग्रज उदारमतवादी, बोअर युद्धाच्या (ब्रिटन विरुद्ध तिथले डच वंशाचे वसाहतकार) काळात दक्षिण आफ्रिकेत बातमीदार म्हणून जाऊन आलेला. १९०२ मध्ये त्याने मांडलं की देशातल्या कामगाराला पुरेसा पगार मिळत नाही म्हणून माल खपत नाही, आणि श्रीमंतांकडे साठलेला पैसा गुंतवणुकीसाठी परदेशात जागा शोधतो. साम्राज्य हा देशाला तोट्याचा आणि मूठभरांना फायद्याचा धंदा आहे, घरच्या लोकांची मिळकत वाढवा म्हणजे तो बंद पडेल. (बोअर युद्धावरच्या त्याच्या लिखाणात ज्यू धनिकांबद्दल जो द्वेष आहे तोही वर्गात वाचायला हवा. 'युद्धामागे कुणाचा पैसा' हा प्रश्न घसरून 'युद्धामागे अमुक जमात' इथे किती पटकन पोचतो ते त्यातून दिसतं, आणि तो रोग अजून गेलेला नाही.) जर्मन समाजवादी चळवळीतल्या रोझा लुक्झेंबर्गने १९१३ मध्ये म्हटलं की भांडवलशाहीला जगायलाच बाहेरचा, अजून न गिळलेला प्रदेश लागतो, आणि सरकारने करातून केलेली शस्त्रखरेदी हीदेखील तिची एक बाजारपेठच असते. लेनिनने १९१६ मध्ये झुरिकमध्ये बसून लिहिलं की मक्तेदाऱ्या तयार झाल्या, बँका आणि कारखाने एक झाले, मालाऐवजी भांडवल निर्यात होऊ लागलं आणि जगाची वाटणी पुरी झाली. आता कुणाला जास्त हवं असेल तर दुसऱ्याचं हिसकावणं, म्हणजेच युद्ध, एवढाच मार्ग उरतो. काउट्स्कीने मात्र १९१४ मध्येच विचारलं होतं की कारखानदार जर आपसात भाव ठरवून घेऊ शकतात तर महासत्ता का नाही? त्या भांडण सोडून मिळून लुटतील. लेनिनने त्याला गद्दार ठरवलं, आणि त्यामुळे पुढे कित्येक वर्षं काउट्स्की गंभीरपणे वाचलाच गेला नाही.

यातली गंमत अशी. १९१४ ते १९४५ हा काळ बघितला तर लेनिन बरोबर वाटतो. १९४५ नंतरची चार-पाच दशकं बघितली तर मोठे भांडवलशाही देश आपसात एकदाही लढले नाहीत, आणि तुम्ही म्हणता, अरे, काउट्स्की! मग ऑक्टोबर २०२२ मध्ये अमेरिका चीनला प्रगत चिप विकण्यावर निर्बंध घालते, आयातकरांच्या लढाया पेटतात, आणि माझे विद्यार्थी पुन्हा लेनिनची पानं उलटू लागतात. या दोघांपैकी खरा कोण, असा प्रश्न मी कधीच विचारत नाही. कुठल्या परिस्थितीत कुणाचं खरं ठरतं, हे विचारते.

आणि एक आक्षेप दरवर्षी मुद्दाम परीक्षेत घालते, कारण तो भक्कम आहे. १९१४ पूर्वी ब्रिटनमधून जे भांडवल बाहेर गेलं त्याचा मोठा भाग अमेरिका, कॅनडा, अर्जेंटिना, ऑस्ट्रेलिया अशा ठिकाणी गेला, आफ्रिकेतल्या नव्याने जिंकलेल्या मुलखांत फार थोडा. मग 'भांडवल निर्यात करायचं होतं म्हणून आफ्रिका वाटून घेतली' हे कसं टिकतं? याला उत्तरं आहेत. साम्राज्य फक्त गुंतवणुकीसाठी नसतं. भारताची इतर देशांशी निर्यात जास्त होती आणि त्या शिलकीतून ब्रिटन आपली अमेरिका-युरोपची तूट भागवत होता, हा दुवा आफ्रिकेत शोधून सापडत नाही. पण हे उत्तर द्यायला आकडेवारीशी झुंजावं लागतं, घोषणेने ते भागत नाही. शिवाय बिल वॉरन नावाच्या मार्क्सवाद्याने तर १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात सरळ म्हटलं की साम्राज्यशाहीनेच गरीब देशांत भांडवलशाही रुजवली आणि ती प्रगतीच होती. म्हणजे १८५३ चा मार्क्स परत हजर. असा माणूस तुमच्या अभ्यासक्रमात असेल तर शिकवणारा प्रामाणिक आहे असं समजायला हरकत नाही.

'फक्त अमेरिकेला शिव्या' या आरोपाकडे येते. तो काही डाव्यांना पुरेपूर लागू पडतो, आणि कुणाला पडतो हे बघायला १९५६ सारखं वर्ष नाही. ऑक्टोबर अखेर इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सने सुएझसाठी इजिप्तवर हल्ला चढवला. ४ नोव्हेंबरला लंडनच्या ट्रफल्गार चौकात त्या युद्धाविरुद्ध प्रचंड सभा भरली. आणि त्याच दिवशी पहाटे सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले होते, कामगारांच्या नावाने चाललेली राजवट कामगारांवरच गोळ्या झाडत होती. सुएझ ही साम्राज्यशाही आणि बुडापेस्ट हे प्रतिक्रांतीला दिलेलं उत्तर, असं म्हणणारे होते. दोन्हीला एकच शब्द लावणारेही होते. त्यांतले हजारो लोक ब्रिटिश कम्युनिस्ट पक्षातून बाहेर पडले, आणि पुढे ज्याला 'नवे डावे' म्हणतात तो प्रवाह बराचसा त्यातून निघाला. मला विचाराल तर आज विद्यापीठांत हा विषय ज्या प्रकारे शिकवला जातो त्याची जन्मतारीख तो आठवडाच आहे.

त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्सच्या समाजवादी पंतप्रधानाने, गी मोलेने, अल्जेरियातला उठाव दडपायला सरकारसाठी विशेष अधिकार मागितले. फ्रेंच कम्युनिस्टांनी त्या बाजूने मत दिलं. त्या अधिकारांच्या छत्राखाली पुढे छळछावण्या चालल्या. हे वाचल्याशिवाय फ्रान्झ फॅनन कळत नाही. मार्टिनिकमध्ये जन्मलेला हा मनोविकारतज्ज्ञ अल्जेरियात ब्लिदाच्या रुग्णालयात काम करत होता. छळ झालेलेही त्याच्याकडे यायचे आणि छळ करून करून झोप उडालेले पोलीसही. विद्यार्थी त्याची हिंसेवरची गाजलेली वाक्यं पाठ करून येतात, आणि मी त्यांना त्याच पुस्तकाच्या शेवटच्या भागातल्या रुग्णांच्या नोंदी वाचायला लावते. दोन्ही बाजूंच्या हिंसेने माणसं कशी मोडतात ते तिथे एका डॉक्टरच्या कोरड्या भाषेत लिहिलेलं आहे. त्याने आणखी एक इशारा दिला होता. स्वातंत्र्यानंतर गोऱ्या साहेबाच्या खुर्चीत देशी साहेब बसेल आणि बाकी काही बदलणार नाही. हीच शंका मानवेंद्रनाथ रॉय यांनी १९२० मध्ये मॉस्कोत, जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या अधिवेशनात, लेनिनपुढे काढली होती. लेनिन म्हणत होता, वसाहतींतल्या राष्ट्रवादी चळवळींना पाठिंबा द्या. रॉय विचारत होते, त्या चळवळींचे मध्यमवर्गीय पुढारी उद्या कुणाचे होतील? दोघांचेही प्रबंध तेव्हा स्वीकारले गेले, आणि वाद तसाच लोंबकळत राहिला.

त्याहून अवघड प्रसंग हवा असेल तर १९७९ घ्या. व्हिएतनामच्या फौजांनी ७ जानेवारीला कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह घेतली आणि तिथली ख्मेर रूजची खुनी राजवट पाडली. फेब्रुवारीत चीनने व्हिएतनामवर हल्ला केला. तिघेही स्वतःला कम्युनिस्ट म्हणवणारे. 'भांडवलशाही म्हणजे युद्ध' हे समीकरण तिथेच कोसळलं. व्हिएतनामने केलं ते आक्रमण की सुटका? संयुक्त राष्ट्रांत तर पुढे कित्येक वर्षं कंबोडियाच्या खुर्चीत ख्मेर रूजचाच प्रतिनिधी बसला, आणि त्याला अमेरिका आणि चीन दोघांचाही पाठिंबा होता. माणुसकीच्या नावाने केलेल्या हस्तक्षेपाबद्दल बोलताना लोक १९९९ च्या कोसोवोपासून सुरुवात करतात, जिथे नाटोने सुरक्षा परिषदेची परवानगी न घेता ७८ दिवस बाँबफेक केली आणि युर्गेन हाबरमाससारख्या डाव्या जर्मन विचारवंताने तिचं समर्थन केलं. मी कंबोडियापासून सुरू करते, कारण तिथे ठरलेली उत्तरं चालत नाहीत.

युक्रेनने पुन्हा तीच फूट दाखवली. काही डाव्यांनी २०२२ मध्ये सगळा भर नाटोच्या विस्तारावर दिला. इतरांनी विचारलं, छोट्या राष्ट्राला स्वतःचं भवितव्य ठरवायचा हक्क आहे की नाही? दुसऱ्या गटाच्या बाजूने कोण उभा होता माहीत आहे? लेनिन. युक्रेनचा वेगळं होण्याचा हक्क त्याने मान्य केला होता, आणि २१ फेब्रुवारी २०२२ च्या भाषणात पुतिननी आजचं युक्रेन बोल्शेविकांनी घडवलं म्हणून त्यालाच दोष दिला. पहिल्या गटाचं म्हणणं मी निकालात काढत नाही, महासत्तांच्या हालचाली बघायलाच हव्यात. पण युक्रेनी माणूस ज्या विश्लेषणात कुठेच दिसत नाही त्याला डावं का म्हणायचं, हा प्रश्न मी वर्गात सोडून देते.

गाझावर बोलताना वर्गातली हवा बदलते, आणि २०२३ नंतर तर फारच. ७ ऑक्टोबरचा हमासचा हल्ला, त्यात मारले गेलेले सुमारे १,२०० लोक, नंतर गाझात गेलेले हजारो जीव, दक्षिण आफ्रिकेने वंशसंहार करारानुसार आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेलेला खटला आणि जानेवारी २०२४ चे अंतरिम आदेश, हे सगळं टेबलावर ठेवूनच बोलावं लागतं. मला इथे १९७७ चा, युद्धाचे नियम ठरवणाऱ्या जिनिव्हा करारांना जोडलेला पहिला पुरवणी करार फार उपयोगी पडतो. वसाहतवादी सत्ता, परकी ताबा आणि वंशवादी राजवट यांच्याविरुद्धच्या लढ्यांना आंतरराष्ट्रीय युद्धाचा दर्जा त्याने दिला. नव्याने स्वतंत्र झालेल्या देशांनी तो झगडून मिळवला होता. त्याच कागदात नागरिकांवर हल्ले करायला सर्वांना, म्हणजे मुक्तीसाठी लढणाऱ्यांनाही, बंदी आहे. लढण्याचा हक्क आणि लढण्याची रीत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डाव्या परंपरेने पहिल्यावर भरपूर लिहिलं, दुसऱ्यावर फार कमी. हे तिचं मोठं उणेपण आहे असं मी मानते, आणि माझे काही सहकारी यावरून माझ्याशी अजून वाद घालतात.

जागतिक न्यायाचा भाग बहुतेक ठिकाणी सत्राच्या शेवटी घाईत उरकतात. सुरुवात बहुधा तत्त्वज्ञ पीटर सिंगरपासून होते. पूर्व बंगालच्या निर्वासितांचे हाल डोळ्यांपुढे ठेवून त्याने नोव्हेंबर १९७१ मध्ये तो प्रसिद्ध युक्तिवाद लिहिला. उथळ तळ्यात मूल बुडत असेल तर कपडे खराब होतील म्हणून तुम्ही थांबत नाही, मग दूरचा माणूस उपाशी मरत असताना का थांबता? युक्तिवाद बिनतोड आहे. पण ते निर्वासित तळ्यात आपण होऊन पडले नव्हते, एका सैन्याने त्यांना हाकललं होतं, आणि त्या सैन्याला शस्त्रं कुठून मिळत होती हे युक्तिवादात येत नाही. डाव्यांचा आक्षेप इथून सुरू होतो : मदतीची भाषा वापरली की आपण काय देणं लागतो ते झाकलं जातं. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्सने १९७१ मध्ये न्यायाचा विचार एका बंद समाजापुरता केला, चार्ल्स बाइट्झने १९७९ मध्ये तो जगाला लावला, तर स्वतः रॉल्सने १९९९ मध्ये राष्ट्रांमधलं कर्तव्य मर्यादित मदतीपुरतंच ठेवलं. थॉमस पोगेचं म्हणणं वेगळं आहे. एखाद्या हुकूमशहाने सत्ता बळकावली की त्याला देशाची खनिजं विकायचा आणि देशाच्या नावाने कर्ज काढायचा अधिकार आपलेच आंतरराष्ट्रीय नियम देतात. म्हणजे आपण नुसते मदत करत नाही असं नाही, आपण इजा करतो.

देण्याचा हिशेब कसा उलटा लागतो हे बघायचं तर हैती बघा. गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतंत्र केलेला हा देश. १८२५ मध्ये फ्रान्सने युद्धनौका उभ्या करून त्याच्याकडून १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेतली, जुन्या मळेवाल्यांचं नुकसान झालं म्हणून! १८३८ मध्ये एकूण रक्कम ९ कोटींवर आली, पण पहिला हप्ता भरायलाच फ्रेंच बँकेचं कर्ज काढावं लागलं होतं, आणि ते ओझं पिढ्यान् पिढ्या राहिलं. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तेव्हा २ कोटी पौंड वाटले, तेही मालकांना. गुलामांना काहीच नाही. त्यासाठी उभारलेल्या कर्जाचा शेवटचा भाग २०१५ मध्ये फिटला. 'एवढ्या जुन्या गोष्टीचा हिशेब आता कसा करायचा' असं कुणी म्हणालं की मी हे साल सांगते. एका बाजूचा हिशेब चालूच होता.

मात्र इथेही डाव्यांनी स्वतःकडे बघायला हवं. १ मे १९७४ ला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने नव्या आंतरराष्ट्रीय अर्थव्यवस्थेची घोषणा केली. कच्च्या मालाला रास्त भाव, परदेशी कंपन्यांवर नियंत्रण, आपल्या संपत्तीवर आपला हक्क. ती मागणी विरली. श्रीमंत देशांनी टाळाटाळ केली हे खरंच, आणि १९८२ पासूनच्या कर्जसंकटाने गरीब देशांचा कणा मोडला हेही खरं. पण तेलाचे भाव चौपट झाले त्याचा सगळ्यात मोठा फटका तेल नसलेल्या गरीब देशांनाच बसला होता. आणि न्याय मागणाऱ्या सरकारांपैकी कित्येक आपल्याच लोकांना तुरुंगात डांबत होती. देशाला मिळालेला न्याय देशातल्या शेतमजुरापर्यंत पोचतो का, हा प्रश्न त्या घोषणेत नव्हता.

विद्यापीठाबद्दल थोडं. बर्ट्रंड रसेलला १९१६ मध्ये युद्धविरोधी लिखाणासाठी शिक्षा झाली आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजने त्याची व्याख्याता म्हणून असलेली जागा काढून घेतली. मार्च १९६५ मध्ये मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस काम बंद ठेवायचं ठरवलं. टीका झाली तेव्हा त्यांनी बेत बदलला, काम बंद करण्याऐवजी रात्रभर शिकवायचं! २४ मार्चच्या संध्याकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंत व्याख्यानं आणि वाद चालले, तीन हजारांवर लोक आले, आणि ही पद्धत देशभर पसरली. मला ही गोष्ट फार आवडते. पण जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरही मला पटतो. ऐन युद्धात, नोव्हेंबर १९१७ मध्ये म्युनिकला तो विद्यार्थ्यांना सांगत होता की वर्गात शिक्षक बोलतो आणि समोरच्याला उलट उत्तर देता येत नाही, म्हणून तिथे राजकीय प्रचार करू नये. मिशिगनच्या त्या रात्री श्रोते उलट बोलू शकत होते, वर्गात हजेरी आणि गुण माझ्या हातात असतात. हा फरक विसरणारा प्राध्यापक कुठल्याही रंगाचा असो, त्याच्यापासून जपून राहा.

गुणांचं म्हणाल तर डावा नसलेला विद्यार्थी या पेपरात सहज पहिला येऊ शकतो, माझ्याकडे आलेला आहे. उत्तरपत्रिकेत मी पहिल्यांदा बघते ती क्रियापदं. 'साम्राज्यशाहीने युद्ध घडवलं' असं लिहिलं की मी समासात 'कुणी?' असं लिहिते. कुठल्या मंत्रिमंडळाने, कुठल्या बँकेने, कुठल्या मतदानाने? दुसरं, सगळ्यांची उदाहरणं सोयीची असतात. इराकवर २००३ मध्ये हल्ला चुकीचा होता हे सिद्ध करायला या वर्गात फार अभ्यास लागत नाही. तुमच्या सिद्धांताला टोचेल असा प्रसंग तुम्ही आपणहून घेतलात तर उत्तर अर्धवट राहिलं तरी मी जास्त गुण देते. आणि उजव्या बाजूने लिहिणार असाल तर डाव्यांचं सगळ्यात कच्चं वाक्य शोधून त्याला झोडपू नका, हॉब्सनला आकड्यांनी पाडून दाखवा.

शेवटी माझ्या वर्गातला पहिला गृहपाठ सांगते, म्हणजे तुम्हाला पेपर झेपेल का याचा अंदाज येईल. समाजवादी पक्षांनी १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासलच्या चर्चमध्ये जमून युद्ध रोखायची शपथ घेतली होती. ३१ जुलै १९१४ ला पॅरिसच्या एका कॅफेत युद्धविरोधी फ्रेंच समाजवादी पुढारी जाँ जोरेसचा खून झाला. ३ ऑगस्टला जर्मन समाजवादी पक्षाचे खासदार बैठकीला बसले : उद्या संसदेत युद्धाच्या कर्जाला मत द्यायचं की नाही? रशियाच्या झारचं सैन्य सीमेवर, विरोध केला तर पक्षावर बंदी जवळपास ठरलेली, आणि पक्षाचे लाखो सभासद आधीच गणवेश चढवायला निघालेले. बैठकीत ७८ जण बाजूने, १४ विरोधात. पक्षाच्या शिस्तीप्रमाणे दुसऱ्या दिवशी पक्षाने एकगठ्ठा बाजूने मत दिलं, अगदी युद्धविरोधी खासदार कार्ल लीब्क्नेश्टनेसुद्धा. त्याने एकट्याने विरोधी मत दिलं ते डिसेंबरमध्ये. आणि संसदेत पाठिंब्याचं निवेदन वाचायचं काम आलं पक्षाचा अध्यक्ष ह्यूगो हाझेकडे, जो त्या चौदांतला एक होता.

विद्यार्थ्यांना मी फक्त ३ ऑगस्टपर्यंतचे कागद देते, पुढचं काही माहीत नाही असं समजून मत द्यायला सांगते आणि मतमोजणी फळ्यावर लिहिते. बहुतेक वर्षी वर्ग विरोधात जातो, कारण पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत असतंच. मग मी प्रत्येकाला उलट्या बाजूचं भाषण लिहून आणायला लावते. पुढच्या तासाला त्यांतलं एक भाषण उभं राहून वाचावं लागतं, आणि कुणी वाचायचं ते चिठ्ठी टाकून ठरतं. माझ्याकडे आलात तर तेवढी तयारी ठेवून या.